स्क्रीननं खरं बोलावं म्हणून

सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांच्या रांगा लागतात. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याचा माल असतो, तसाच सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गी भागातलाही. आज रात्री गाडी भरायची की कांदा आणखी चार दिवस राखायचा, हे ठरवताना शेतकरी आता फोन काढून दर बघतो. आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर एवढे आकडे त्याला पुरतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापुरात ५१२ किलो कांदा विकला आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश पडला. ती बातमी देशभर गेली. त्या दिवशीच्या दराची कारणं बाजारात आणि धोरणात होती. ती बदलणं कुठल्याही ॲपच्या हातात नव्हतं. पण जिथं किलोमागच्या एका रुपयावर सगळा हिशेब फिरतो, तिथं स्क्रीनवरचा आकडा आजचा आहे की कालचा, हे कळलंच पाहिजे.

मोबाइल ॲपच्या इंटरफेसची चर्चा बहुधा रंग, आकार आणि गुळगुळीत हालचालींपाशी अडकते. त्या गोष्टींना महत्त्व आहेच, पण त्या नंतरच्या. स्क्रीन जे दाखवते ते खरं आहे का, आणि ते खरं राहील याची व्यवस्था कोडमध्येच केलेली आहे का, हा पहिला प्रश्न आहे. हे पुस्तक त्या प्रश्नापासून सुरू होतं. डिक्लरेटिव्ह पद्धत हे त्याचं आजवर सापडलेलं सर्वांत समाधानकारक उत्तर आहे, असं या पुस्तकाचं ठाम मत आहे.

बाजारभावाची स्क्रीनच बघू. उघडल्यावर माहिती येत असते. मग ती येते. कधी बाजार बंद असतो आणि त्या दिवशी दरच नसतात. कधी नेटवर्क जातं. कधी नेटवर्क गेलेलं असतं, पण कालचे दर फोनमध्ये साठवलेले असतात, आणि ‘हे कालचे आहेत’ असं स्पष्ट सांगून तेच दाखवायचे असतात. अशा पाच अवस्था झाल्या. आता पारंपरिक, म्हणजे इम्परेटिव्ह पद्धतीनं लिहिणारा प्रोग्रॅमर काय करतो? तो हो-नाही स्वरूपाच्या चार खुणा ठेवतो: माहिती येतेय का, यादी मिळाली का, काही चुकलं का, माहिती जुनी आहे का. मग प्रत्येक घटनेला तो आदेश लिहीत जातो. बटण दाबलं की फिरतं चक्र दाखव. उत्तर आलं की चक्र लपव, यादी भर, ‘आज दर नाहीत’ ही ओळ पुसून टाक. नेटवर्क गेलं की लाल पट्टी आण, पण यादी आधीच दिसत असेल तर ती राहू दे.

चार खुणांच्या सोळा जुळण्या होतात. त्यातल्या पाचांना अर्थ आहे. बाकीच्या अकरांचा विचार कुणी केलेला नसतो, तरी त्या ॲपमध्ये दबा धरून असतातच. चक्र फिरत राहतं आणि त्याच्याखाली यादीही दिसते. ‘नेटवर्क नाही’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी ‘आत्ताच अद्ययावत’ असंही. लिहिणारा हुशार असला तरी हे घडतं, कारण एकच गोष्ट दोन ठिकाणी लक्षात ठेवली जातेय: एकदा माहितीत आणि एकदा स्क्रीनवरच्या वस्तूंमध्ये. दोन्हींचा मेळ राखण्याचं काम माणसावर पडलं की कुठल्या तरी एका वाटेवर तो चुकतोच.

डिक्लरेटिव्ह पद्धत ही जबाबदारी माणसाकडून काढून घेते. पाच अवस्था आधी नावानिशी जाहीर करायच्या, आणि एका वेळी त्यातली एकच असू शकते हे भाषेच्या नियमानंच बांधून टाकायचं. मग प्रत्येक अवस्थेत स्क्रीन कशी दिसेल याचं वर्णन लिहायचं. अवस्था बदलली की वर्णन नव्यानं वाचलं जातं आणि आधीच्या स्क्रीनमध्ये नेमका किती बदल करायचा हे खालची यंत्रणा ठरवते. ‘चक्र लपव’ असा आदेश कुठेच लिहावा लागत नाही. नव्या अवस्थेच्या वर्णनात चक्र नाही, म्हणून ते दिसत नाही. शाळेच्या गणितातल्या भाषेत, स्क्रीन हे अवस्थेचं फलन होतं. इथं अवस्था म्हटलं त्याला प्रोग्रॅमर सर्रास ‘स्टेट’ म्हणतात आणि पुस्तकातही पुढे दोन्ही शब्द येतील.

हा विचार मोबाइलपेक्षा कितीतरी जुना आहे. सोलापुरात तर त्याची एक बाजू यंत्रमागावर डोळ्यांनी बघायला मिळते. लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास जो माग सिद्ध केला, त्यात नक्षी मागाच्या बाहेर, छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर लिहून ठेवलेली असते. माग तोच; पुठ्ठ्यांची माळ बदलली की चादरीवरची नक्षी बदलते. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर या जॅकार्ड विणकामासाठीच ओळखली जाते, आणि तेलंगणातून येऊन इथं रुजलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्यांनी हे काम केलेलं आहे. चार्ल्स बॅबेजनं आपल्या नियोजित ॲनालिटिकल इंजिनसाठी हीच छिद्रांची कार्डं योजली आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं त्या यंत्रावरच्या आपल्या टिपणांत जॅकार्डच्या मागाचा दाखला दिला. अर्थात साम्य ताणू नये. बाण्याच्या प्रत्येक फेरीला ताण्याचे कोणते धागे उचलायचे हे पुठ्ठा ओळीनं सांगतो, म्हणजे तो आदेशच देतो. मात्र ‘काय हवं’ हे ‘यंत्र कसं चालतं’ यापासून वेगळं काढून ठेवण्याची युक्ती तिथं आहे, आणि पुढच्या दोन शतकांत ती पुन्हा पुन्हा कामी आली.

संगणकात तिचं पहिलं मोठं यश विदाच्या क्षेत्रात दिसलं. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी जी भाषा सुचवली, तिची आजची आवृत्ती म्हणजे एसक्यूएल. कोणत्या नोंदी हव्यात तेवढं सांगायचं, त्या कोणत्या वाटेनं शोधायच्या ते डेटाबेसनं ठरवायचं. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क आलं आणि डिक्लरेटिव्ह विचार हिशेबनिसांच्या टेबलावर पोचला. मार्केट यार्डातल्या आडत दुकानात पट्टी तयार करणारा मुनीम एक्सेलमध्ये वजन दुरुस्त करतो तेव्हा रक्कम, हमाली, तोलाई आणि निव्वळ देणं आपोआप बदलतं. त्यानं फक्त सूत्रं लिहिलेली असतात, ‘आता बेरीज पुन्हा कर’ असं तो सांगत नाही. प्रोग्रॅमिंगचा एकही वर्ग न केलेली माणसं गेली कित्येक दशकं ही पद्धत बिनचूक वापरत आली आहेत. नवशिक्यानं हे ध्यानात ठेवलं तर या विषयाची निम्मी भीती जाते.

इंटरफेसच्या वाट्याला हे सुख उशिरा आलं. झेरॉक्स पार्कमध्ये १९७९ मध्ये नॉर्वेच्या ट्रिग्वे रीनस्काउग यांनी मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी विभागणी मांडली. माहिती आणि तिचं दर्शन वेगळं ठेवावं हा आग्रह तिथून सुरू होतो. मात्र दोन्हींचा मेळ घालण्याचं काम प्रोग्रॅमरकडेच राहिलं. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ च्या जुलैत ॲप स्टोअर उघडलं, त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन विक्रीला आला. ॲपलच्या यूआयकिटमध्ये स्क्रीनवरच्या वस्तू हातानं जोडायच्या आणि हातानं बदलायच्या. अँड्रॉइडमध्ये मांडणी एक्सएमएल फाइलीत लिहायची आणि तिच्यातला प्रत्येक बदल जावा कोडमधून घडवायचा. एक्सएमएलचं ते वर्णन डिक्लरेटिव्हच होतं, पण केवळ पहिल्या क्षणापुरतं. स्क्रीन एकदा उभी राहिली की पुढे सगळा आदेशांचा कारभार. ॲपलनं २०१२ मध्ये आयओएस ६ बरोबर ऑटो लेआउट आणलं, तेव्हा जागेची गणितं नियमांनी सांगता येऊ लागली. अवस्थेचा प्रश्न होता तिथंच राहिला.

कोंडी फुटली ती वेबवर, फेसबुकमध्ये. तिथल्या अभियंत्यांनी पुढे जाहीर व्याख्यानात सांगितलेला एक दोष प्रसिद्ध आहे. न वाचलेल्या संदेशांची संख्या वर दिसायची, वापरणारा उत्सुकतेनं उघडायचा आणि आत नवीन काहीच नसायचं. दुरुस्त केलेला हा दोष काही दिवसांनी पुन्हा डोकं वर काढायचा, कारण ती संख्या अनेक ठिकाणांहून बदलली जात होती. जॉर्डन वॉक या अभियंत्यानं तिथं जे रिअ‍ॅक्ट बांधलं, ते मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. मांडणी आणि तर्क एकाच फाइलीत लिहिण्याची त्याची रीत बऱ्याच जाणकारांना पहिल्या दर्शनी रुचली नव्हती. दर बदलाला सगळी स्क्रीन नव्यानं वर्णन करायची, जुन्या आणि नव्या वर्णनाची तुलना करायची आणि फरक तेवढा प्रत्यक्षात उतरवायचा, ही त्याची कल्पना खर्चिक वाटत होती. वापरून पाहिल्यावर लोकांचं मत बदललं. खरं तर शैक्षणिक जगात कॉनल एलियट आणि पॉल ह्युडॅक यांनी १९९७ मध्येच काळाबरोबर बदलणाऱ्या मूल्यांवर आधारलेली रिअ‍ॅक्टिव्ह मांडणी प्रसिद्ध केली होती, आणि २०१२ मध्ये इव्हान चॅप्लिकी यांची एल्म ही भाषा आली होती. रिअ‍ॅक्टनं तो विचार रोजच्या कामाच्या माणसांपर्यंत नेला.

२०१५ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आलं, डिसेंबर २०१८ मध्ये गूगलच्या फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती. आणि मग २०१९ हे वर्ष उजाडलं. मेमध्ये गूगलनं जेटपॅक कंपोझ जाहीर केलं, जूनमध्ये ॲपलनं स्विफ्टयूआय. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी काही आठवड्यांच्या अंतरानं एकच दिशा धरली. कंपोझची १.० आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली. तेव्हापासून दोन्ही कंपन्यांच्या अधिकृत मार्गदर्शनात नव्या कामासाठी हीच वाट पुढे केली जाते.

विचार एक असला तरी घराणी वेगळी आहेत, आणि नवशिक्याचा पहिला गोंधळ इथंच होतो. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह जावास्क्रिप्टमध्ये वर्णन घेतं, तुलना करतं आणि शेवटी त्या त्या फोनची स्वतःची बटणं, स्वतःच्या चौकटी वापरतं. फ्लटर फोनकडून जवळपास कोरी पाटी तेवढी घेतं आणि प्रत्येक ठिपका स्वतः रंगवतं. त्यामुळे सगळीकडे ॲप सारखंच दिसतं. मात्र दृष्टिहीन वापरकर्त्याच्या टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हरला काय वाचायचं हे कळावं म्हणून त्याला अर्थाचा एक वेगळा वृक्ष उभा करावा लागतो. स्विफ्टयूआयमध्ये प्रत्येक व्ह्यू हा हलकाफुलका, क्षणात बनणारा आणि टाकून दिला जाणारा तपशील असतो. कोणता व्ह्यू कोणत्या माहितीवर अवलंबून आहे याचा नकाशा यंत्रणा ठेवते. कंपोझनं ते काम कॉटलिनच्या कंपायलरकडे सोपवलं: विशिष्ट खूण केलेली फंक्शन्स कोणती अवस्था वाचतात ते टिपलं जातं आणि ती बदलली तर तेवढीच पुन्हा चालवली जातात.

यात श्रेष्ठ कोण, हा वाद चहाच्या टपरीवर रंगतो. उत्तर कामावर अवलंबून आहे. एअरबीएनबीनं रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये मोठी गुंतवणूक केली आणि २०१८ मध्ये ते सोडत असल्याचं जाहीर करून कारणंही सविस्तर मांडली. दुसरीकडे गूगल पेनं आपलं ॲप फ्लटरमध्ये नव्यानं लिहिलं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी विचारपूर्वक घेतलेले होते. विद्यार्थ्यानं कोणतंही एक घराणं धरून त्यात खोल जावं. दुसरं मग फारसं अनोळखी वाटत नाही.

दोष लपवून ठेवणं या पुस्तकाला मान्य नाही. डिक्लरेटिव्ह पद्धतीत पुष्कळ काम पडद्याआड होतं आणि बिघाड झाला की तो पडदा आड येतो. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे स्क्रीनच्या वर्णनातच सर्व्हरला विचारणा करणं. वर्णन कधी आणि किती वेळा वाचलं जाईल हे यंत्रणा ठरवत असल्यानं विचारणा पुन्हा पुन्हा जाते आणि गावाकडच्या माणसाचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. दुसरी चूक यादीची. ओळींची ओळख त्यांच्या जागेवरून ठरवली आणि यादी दरानुसार उलटसुलट लावली, तर लासलगावच्या ओळीवर केलेली आवडीची खूण सोलापूरच्या ओळीवर जाऊन बसते. ओळीला तिची स्वतःची स्थिर ओळख द्यावी लागते. तिसरी गोष्ट, एका माहितीचे दोन धनी होऊ देणं. निवडलेला बाजार वरच्या स्क्रीनलाही वेगळा ठाऊक आणि आतल्या यादीलाही वेगळा ठाऊक असेल, तर जुना आजार नव्या कपड्यांत परत येतो. पुस्तकाची मधली प्रकरणं या तीन गोष्टींवर मुद्दाम रेंगाळतात.

आता सोलापूरबद्दल, कारण हे पुस्तक या शहराला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे आणि त्याला भावनेपलीकडचं कारण आहे. इथल्या एकाच पेठेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी-उर्दू कानावर पडतात. इथल्या लोकांसाठी लिहिलेल्या ॲपला चार लिप्या पेलाव्या लागतात आणि त्यातली एक उजवीकडून डावीकडे जाते. लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्कोत शिकणाऱ्याला ही अडचण अभ्यासक्रमाच्या शेवटी, जादा गुणांचा प्रश्न म्हणून भेटते. सोलापूरच्या मुलीला ती पहिल्याच दिवशी भेटते. ‘डावीकडे चिन्ह, उजवीकडे दर’ असं लिहिलं की उर्दूत मांडणी मोडते. ‘आरंभाला चिन्ह, अंताला दर’ असं वर्णन केलं की दिशा यंत्रणा सांभाळते. अँड्रॉइडनं ही सोय २०१२ च्या ४.२ आवृत्तीत आणली, आणि नव्या घराण्यांमध्ये ती पायापासूनच आहे.

देवनागरीचे स्वतःचे हट्ट आहेत. इंग्रजी अक्षरांच्या मापानं ओळीची उंची ठरवली की ‘सर्वसाधारण’मधला रफार, ‘किमान’ची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. इंग्रजीत सहा अक्षरांचं बटण मराठीत दुप्पट लांब होतं आणि ठरावीक रुंदीच्या चौकटीत शेवटी तीन टिंबं येतात. त्यात चाळिशी ओलांडलेल्या माणसानं फोनमधली अक्षरं मोठी केलेली असतात. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर तर जोडाक्षरं नीट उमटतच नसत. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना ‘चालतंय तेवढं पुष्कळ’ ही सवय लागली, आणि ती सवय अजून पुरती गेलेली नाही. ती जायला हवी. फ्लटरमध्ये वरचा घटक खालच्याला मर्यादा सांगतो, खालचा स्वतःचं माप कळवतो आणि मग वरचा त्याची जागा ठरवतो. स्विफ्टयूआयमध्ये वरचा जागा देऊ करतो आणि खालचा आपल्याला हवी तेवढी घेतो. या संवादात मजकुराला आपल्या लिपीनुसार जागा मागण्याची मुभा असते. अट एवढीच, की लिहिणाऱ्यानं मध्येच आकडा ठोकून त्या संवादाचं तोंड बंद करू नये. या पुस्तकातली प्रत्येक स्क्रीन मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत, मोठ्या अक्षरांसकट तपासलेली दिसेल. नमुना आधी इंग्रजीत करून मराठी शेवटी चिकटवण्याची प्रथा इथं उलटी केली आहे.

हे सगळं आजच का शिकायचं? एक कारण उघड आहे. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी इथं १९८३ पासून आहे, सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झालं आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं ओळखलं जातं. दरवर्षी इथून शिकून बाहेर पडणारी मुलं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला आणि तिथून हिंजवडीला जातात. मोबाइलचं नवं काम त्यांना याच पद्धतीत करावं लागतं. दुसरं कारण अधिक खोल आहे. आता वाक्य लिहून दिलं की कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं काही सेकंदांत स्क्रीनचा कोड काढून देतात. तो बहुतेक वेळा चालतो आणि सुरेखही दिसतो. पण बाजार बंद असतानाची अवस्था त्यात धरली आहे का, जुनी माहिती जुनी म्हणून दाखवली आहे का, उर्दूत मांडणी टिकते का, हे तपासायला माणूस लागतो, आणि तो कोड वाचणारा माणूस लागतो. डिक्लरेटिव्ह कोड वर्णनासारखा वाचता येतो. म्हणून लिहिण्याइतकंच वाचण्याचं शिक्षण या पुस्तकानं महत्त्वाचं मानलं आहे.

तिसरं कारण जिल्ह्यातच आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि पुढे राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मुलांना नेमकं काय हवं हे त्यांच्या घराघरांतून जाणणारा माणूस साधनापर्यंत पोचला की काय घडतं, याचं हे उदाहरण. सोलापूरच्या बाजाराला, मागांना, डाळिंबाच्या बागांना, शाळांना लागणारी ॲप्स ज्यांना ती माणसं ठाऊक आहेत त्यांनी लिहावीत, अशी या पुस्तकामागची उघड इच्छा आहे.

पुस्तकानं मुख्य सूत्र म्हणून कॉटलिन आणि जेटपॅक कंपोझ निवडलं आहे. भारतातले बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे आहेत, आणि शिकायला महागडा मॅक लागत नाही. किमान ८ जीबी रॅमचा साधा संगणक आणि एक जुना फोन पुरतो. आपलं ॲप प्ले स्टोअरवर टाकायला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, तर ॲपलच्या दुकानात दरवर्षी ९९. जिथं विचार वेगळा पडतो तिथं स्विफ्टयूआय आणि फ्लटरमधली तीच स्क्रीन शेजारी दिली आहे. बाजारभावाचं एकच ॲप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाढत जातं. ॲनिमेशन, खेळ आणि त्रिमिती चित्रण यांना इथं जागा नाही, सर्व्हरच्या बाजूला तर स्पर्शच केलेला नाही. प्रोग्रॅमिंगची तोंडओळख, म्हणजे फंक्शन आणि यादी म्हणजे काय इतकं, वाचकाला असावं असं गृहीत धरलं आहे. ज्यांनी बरीच वर्षं जुन्या पद्धतीनं ॲप्स लिहिली आहेत त्यांना पहिली काही प्रकरणं नवशिक्यांपेक्षा जड जातील, कारण त्यांना हातातली आदेशांची सवय सोडायची आहे. त्यांनी धीर धरावा.

वाचकाला एक विनंती. काहीही डाउनलोड करण्याआधी फोनमधलं रोजच्या वापरातलं एक ॲप निवडा. एसटीचं आरक्षण असेल, वीजबिल असेल, गॅसची नोंदणी असेल. त्यातली एकच स्क्रीन घ्या आणि ती कोणकोणत्या अवस्थांत असू शकते ते कागदावर लिहून काढा. नेटवर्क बंद करून, अक्षरं मोठी करून, भाषा बदलूनही ती बघा. पहिल्या प्रकरणाचं काम त्याच यादीपासून सुरू होतं.